पांढरा रस्सा आणि पांढरी पुडी

वाचकाचं पत्र :

"ताई, रंकाळ्याच्या पलीकडच्या बाजूला एका चार मजली अपार्टमेंटमध्ये आम्ही तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघरातलं सिंक दर पंधरा दिवसांनी तुंबतं. बाथरूमचं पाणीही सावकाश जातं. मिस्टर दुकानातून पांढऱ्या पावडरीच्या पुड्या आणतात, सासूबाईंचा भरवसा ॲसिडवर. मुलगा सातवीत आहे. शाळेतून त्यांना सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बघायला नेलं होतं, तेव्हापासून पुडी फोडली की तो म्हणतो, 'आई, हे पंचगंगेला जातंय.' मी व्हिडिओ बघून खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकून बघितलं. फेस झकास आला, पाणी तिथल्या तिथं. दुकानात आता 'इको', 'ग्रीन', 'बायो' असं लिहिलेल्या बाटल्या आल्यात, पण त्या पुडीच्या कितीतरी पट महाग. नदीला खरंच चालेल असं काय आणू? आणखी एक. रविवारी दुपारनंतर आम्ही नळ सोडलेला नसतानाही सिंकमधून गुडगुड आवाज येतो आणि खरकटं पाणी वर येतं. घरात दोन पुड्या आणि अर्धी बाटली ॲसिड शिल्लक आहे, त्याचं काय करू?"

उत्तर :

तुम्ही 'आणखी एक' म्हणून जाता जाता लिहिलंय ना, खरा आजार तिथंच आहे. तुम्ही नळ सोडलेला नाही आणि तरी पाणी वर येतं, याचा अर्थ बोळा तुमच्या सिंकखाली बसलेला नाही. वरच्या तिन्ही मजल्यांचं पाणी ज्या उभ्या पाइपमधून खाली येतं, त्या पाइपच्या तळाशी किंवा बाहेरच्या चेंबरमध्ये तो आहे. वरून आलेल्या पाण्याला पुढं वाट मिळत नाही, मग ते सगळ्यात खालचं उघडं तोंड शोधतं. ते तोंड म्हणजे तुमचं सिंक. आजवर तुम्ही ओतलेली प्रत्येक पुडी चार घरांच्या दुखण्यावर एका घरानं केलेला उपचार होती. लागू कशी पडेल?

आणि रविवारीच का, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. चार मजले, चार पातेली पांढरा, चार पातेली तांबडा.

पांढऱ्या रश्श्याचं पातेलं रात्री तसंच राहिलं आणि सकाळी बघितलं, तर कडेला बोटभर जाडीचा पांढरा थर बसलेला असतो. ही मटणाची चरबी. अंगाच्या उबेला मऊ पडणारी आणि गार पाण्यात मेणासारखी घट्ट होणारी. त्यात नारळाचं दूध. खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठतं, ते चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली. म्हणजे पांढऱ्या रश्श्यात गोठणारे पदार्थ दोन. तुम्ही गरम पाण्यानं पातेलं धुता, सिंकमधून ते पातळ होऊन जातं, हातभर पाइपमध्ये पोचेपर्यंत गार होतं आणि भिंतीला चिकटतं. त्याच्यावर चहाची पत्ती, भाताची शितं, कोथिंबिरीच्या काड्या. तांबड्याचं तेल गोठत नाही, पण ते या थराला चिकटपणा देतं. असा थर दर रविवारी चढतो आणि पाइपची वाट अरुंद होत जाते.

आता पुडीबद्दल. माझ्या स्वतःच्या मोरीवर झालेला प्रकार सांगते, हसू नका. काही वर्षांपूर्वी मी अशीच पुडी सिंकमध्ये रिकामी केली, वर पाणी ओतलं, अर्धा तास थांबले. काही फरक पडला नाही. मग शहाणपणा केला आणि वरून कढत पाणी ओतलं. आतून 'भस्स' झालं आणि चार थेंब उलटे माझ्या मनगटावर आले. त्यांचे डाग अजून आहेत. शेवटी प्लंबरला बोलावलं. त्यानं सिंकखाली बसण्याआधीच विचारलं, "वहिनी, पावडर टाकलीय का? खरं सांगा." मी मान हलवली. त्यानं रबरी हातमोजे घातले, चष्मा लावला, खाली बादली ठेवली आणि सिंकखालची बाटली, म्हणजे बॉटल ट्रॅप, फिरवून काढली. आतून एक पांढराशुभ्र गोळा बादलीत पडला, धप्पकन. "बघा, साबण केलासा तुम्ही," तो म्हणाला. "मागल्या महिन्यात एका घरात कुणी सांगितलंच नाही. उघडलं आणि हातावर आलं. आठवडाभर काम बंद."

साबण केला, हे त्यानं अगदी बरोबर सांगितलं होतं. पुडीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो, बहुतेक वेळा ॲल्युमिनिअमचा चुराही असतो. पाणी लागलं की कॉस्टिक तापतो, ॲल्युमिनिअमशी त्याची गाठ पडली की आणखी तापतो आणि हायड्रोजन वायू सुटतो, तोच तो 'भस्स'. उष्णतेनं चरबी वितळते आणि कॉस्टिकशी मिळून तिचा साबण होतो. साबण कारखान्यात करतात तो असाच. पण कारखान्यात तो ढवळतात, मापात घालतात, वेळ देतात. तुमच्या पाइपमध्ये यातलं काहीच होत नाही. अर्धवट झालेला साबण पुढं जाऊन गार होतो, बोअरच्या जड पाण्यातल्या चुन्याशी मिळून चिकट साय धरतो आणि पुन्हा बसतो, यावेळी चार फूट पुढं. न विरघळलेली पावडर ट्रॅपच्या तळाशी दगडासारखी घट्ट बसते, ते वेगळंच. पुडीनं सिंक 'मोकळं' होतं तेव्हा बऱ्याचदा बोळा फक्त तुमच्या हद्दीतून शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेला असतो.

ॲसिडची गोष्ट आणखी सरळ आहे. चरबीवर त्याचा उपयोग जवळजवळ नाही. फरशीवरचे क्षाराचे डाग ते काढतं म्हणून सासूबाईंना ते जालीम वाटत असावं. पाइपमधल्या चरबीच्या थरावरून ते तसंच वाहून जातं आणि जाताना चेंबरचं सिमेंट खातं. आणि हे मात्र घरात सगळ्यांना सांगा : ॲसिड आणि कपड्यांचं ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तो बंद बाथरूममध्ये छातीत गेला तर माणूस दवाखान्यातच पोचतो. पुडीवर ॲसिड ओतलं तर उकळून अंगावर येतं. एकानं पुडी टाकली, हे दुसऱ्याला माहीत नाही आणि त्यानं वरून बाटली उलटी केली, हे घराघरांत घडण्यासारखं आहे. कातडीवर किंवा डोळ्यात उडालं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं धरायचं आणि मग डॉक्टर. लिंबू, व्हिनेगर, हळद काहीही लावायचं नाही.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. तो बरोबर बोलतोय, पण त्याला पूर्ण गोष्ट सांगा, कारण अर्धी गोष्ट ऐकून मुलं एक तर घाबरतात नाही तर कंटाळतात.

आपल्या शहरातलं सांडपाणी जयंती, दुधाळी अशा नाल्यांना लागतं. हे नाले पूर्वी सरळ पंचगंगेत पडायचे. आता जयंती नाल्याचं पाणी बंधाऱ्याशी अडवून पंपानं उचलतात आणि कसबा बावड्याच्या केंद्रात नेतात. त्याची क्षमता दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर आहे. दुधाळीचं केंद्र त्यापेक्षा लहान, १ कोटी ७० लाख लिटरचं. तिथं शुद्ध करण्याचं काम करतात ते जिवाणू. हवा सोडलेल्या मोठ्या टाक्यांत ते घाण खातात. मुलानं बघितलेला तो तपकिरी फेस म्हणजे ही सगळी मंडळी जेवायला बसलेली. पण पंप बंद पडला, किंवा पावसाचा जोर वाढला, की नाल्याचं पाणी बंधाऱ्यावरून सांडतं आणि तसंच नदीत जातं. पुढं राजाराम बंधारा, मग इचलकरंजी, मग शिरोळ तालुका, नरसोबाच्या वाडीला कृष्णा. चिखलीच्या प्रयागापासून, म्हणजे पंचगंगा जिथं सुरू होते तिथून, वाडीपर्यंत नदी सुमारे ८० किलोमीटरची. आपण वरच्या अंगाचं पाणी प्यायलो आणि खालच्यांना आपलं सोडलं, असा हा सरळ हिशेब आहे.

मग तुमच्या पुडीनं मासे मरतात का? थोडं गणित करू. पन्नास ग्रॅम शुद्ध कॉस्टिक शुद्ध पाण्यात मिसळलं तर ते पाणी जेमतेम सौम्य म्हणावं इतकं, म्हणजे सामू (pH) ९ वर आणायला सव्वा लाख लिटर पाणी लागतं. सोसायटीची दहा हजार लिटरची टाकी साडेबारा वेळा. हे कागदावर. प्रत्यक्षात सांडपाण्यातले बायकार्बोनेटचे क्षार त्यातलं बरंचसं वाटेतच मारून टाकतात, त्यामुळं तुमची एक पुडी कॉस्टिक म्हणून नदीपर्यंत सहसा पोचत नाही. पंचगंगेत मासे तरंगतात ते मुख्यतः शुद्ध न केलेलं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी यांनी प्राणवायू संपवला म्हणून. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तीही दूषित पाण्यामुळं. या सगळ्याचं खापर तुमच्या सिंकवर फोडायला मी तयार नाही. जे मोठे दोषी आहेत, ते असल्या अपराधी भावनेवरच निवांत झोपतात.

पण पुडीनं चरबी मरत नाही, पुढं ढकलली जाते, हे आपण बघितलंच. नदीला खरा भार आहे तो या चरबीचा. पाण्यात गेलेलं प्रत्येक तेल-तूप-चरबी जिवाणूंना पचवावं लागतं आणि ते पचवताना पाण्यातला प्राणवायू जातो. तो केंद्रात गेला तर ठीक, त्यासाठीच वीज खर्चून हवा सोडलेली असते. नदीत गेला तर माशांच्या वाट्याचा जातो. म्हणून 'नदीला कुठली पुडी चालेल' या प्रश्नाआधी 'सिंकमध्ये काय जातंय' हा प्रश्न आहे.

आषाढात आपल्याकडे गल्लीगल्लीतून पी-ढबाक वाद्यं वाजवत पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाई देवीच्या देवळाच्या पायरीवर घालायला नेतात. पोरीबाळी डोक्यावर कलश घेऊन. त्याच दिवशी घराघरांत मटण असतं, आणि संध्याकाळी त्या सगळ्या पातेल्यांचं खळखळतं पाणी कुठं जातं, ते तुम्हीच बघा. मीही त्यातलीच, हे मान्य करते.

माझ्या आजीच्या घरी कढई धुण्याआधी भाकरीच्या तुकड्यानं पुसली जायची. शेवटचा तुकडा त्यासाठी मुद्दाम राखून ठेवायचे आणि तो कुणी खायचा यावरून भांडणं व्हायची. मग भांडी राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं. मोरी कधी तुंबल्याचं आठवत नाही. तुम्हाला राख आणा म्हणत नाही, पण पुसणं तेवढं परत आणा. पातेलं गार होऊ द्या, चरबीचा थर उलथन्यानं खरवडून ओल्या कचऱ्यात टाका, उरलेलं जुन्या वर्तमानपत्रानं पुसा, मग सिंकमध्ये घ्या. तळणीचं वापरलेलं तेल मोरीत नको. गार झालं की रिकाम्या तेलाच्या पिशवीत भुश्श्याबरोबर किंवा कागदाच्या बोळ्याबरोबर घालून कचऱ्यात. मिसळवाले, खानावळवाले यांच्यासाठी वापरलेलं तेल बायोडिझेलला देण्याची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून काढलीय. तुमच्या शेजारी एखादी खानावळ त्याच चेंबरला जोडलेली असेल, तर आधी तिकडं बघा, कारण तिच्या एका दिवसाचं तेल तुमच्या महिन्याला भारी पडेल.

आता सिंकखाली. पुडी टाकलेली नसताना, म्हणजे शेवटच्या पुडीनंतर भरपूर पाणी वाहून गेल्यावर, हातमोजे घालून बॉटल ट्रॅप तुम्ही स्वतः काढू शकता. खाली बादली, हातानं डावीकडं फिरवायचं, वॉशर हरवू द्यायचा नाही. आतला गाळ बादलीत, तो परत टॉयलेटमध्ये ओतायचा नाही, नाहीतर सगळ्या कष्टाचा काय उपयोग. जुन्या दातांच्या ब्रशनं घासून परत बसवा. दहा मिनिटांचं काम आहे. मिस्टरांना करायला सांगितलं तर पंधरा.

ट्रॅप स्वच्छ असूनही पाणी थांबलं, तर रबरी पंप. सिंकमध्ये दोन बोटं पाणी ठेवा, ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्यानं दाबून बंद करा (हे न करता सगळे पंप मारत बसतात आणि हवा त्या भोकातून निघून जाते), मग वीसेक वेळा जोरात वर-खाली. त्यापुढचं काम स्प्रिंगच्या वायरचं. तीन-चार मीटरची वायर हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती पाइपमध्ये सारत जायचं, अडली की दांडा फिरवायचा, ओढून पुसायची, परत सारायची. बोळा वायरीला गुंडाळून बाहेर येतो. तो दिसतो तेव्हा जेवायची इच्छा राहत नाही, पण जे बाहेर आलं ते नदीत गेलं नाही.

बाथरूमचं कारण वेगळं आहे. तिथं चरबी नाही, केस आणि साबण. केसांवर कुठलीही 'ग्रीन' बाटली फारशी चालत नाही, कारण केस लवकर कुजत नाहीत. नहाणी ट्रॅपची झाकणी उचला, आतला कप काढा, गुंतलेला झुपका चिमट्यानं ओढा. वर बारीक भोकांची स्टीलची जाळी टाका आणि रोज आंघोळीनंतर त्यावरचे केस उचलून कचऱ्यात टाका. एवढंच. यासाठी काहीही विकत घेऊ नका.

आता बाटल्यांकडं येऊ, कारण तुम्ही मूळ विचारलं ते हेच.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारून टाकतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, उरतं ते सोडियम ॲसिटेटचं जवळजवळ खारट पाणी. नदीला निरुपद्रवी आणि बोळ्यालाही निरुपद्रवी. त्यापेक्षा धुण्याचा सोडा बरा. अर्धी वाटी धुण्याचा सोडा सिंकच्या तोंडाशी टाकून वर आंघोळीच्या पाण्याइतकं गरम पाणी सावकाश ओतलं, तर पातळ थर सुटतो. हातमोजे घाला, डोळे जपा, आणि महिन्यातून एकदाच. उकळतं पाणी नको, पीव्हीसीचा पाइप मऊ पडून सांध्यात वाकतो. आणि थर सुटला म्हणजे चरबी संपली नाही, पुढं गेली, हे इथंही लागू आहे.

'बायो' म्हणून विकतात त्यात दोन जाती असतात. एकात नुसते एन्झाइम, दुसऱ्यात जिवंत जिवाणू, बहुधा बॅसिलस जातीचे, पावडरीत सुप्तावस्थेत. नुसते एन्झाइम चरबीचे तुकडे करतात, ते तुकडे पुढं जाऊन परत जमू शकतात. जिवाणू असतील तर ते चरबी खातात, त्यांचं पोट भरतं, त्यांची वाढ होते आणि पाइपच्या भिंतीवर ते वस्ती करतात. बावड्याच्या टाकीतलं काम थोडंसं तुमच्या पाइपमध्येच सुरू होतं. म्हणून घ्यायचीच असेल तर ही दुसरी. पण तुंबलेलं सिंक ती अर्ध्या तासात मोकळं करणार नाही. ती देखभालीची आहे. पाइप मोकळा केल्यावर, रात्री सगळी भांडी झाल्यानंतर, कोमट पाण्यात कालवून ओतायची आणि सकाळपर्यंत नळ सोडायचा नाही. लागोपाठ तीन-चार रात्री, मग आठवड्याला एकदा. त्या दिवशी फिनेल, ब्लीच, ॲसिड काहीही त्याच मोरीत ओतायचं नाही, नाहीतर पैसे देऊन आणलेले पाहुणे तुम्हीच मारून टाकाल. महाग वाटते, पण पुडी दर पंधरा दिवसांनी अख्खी जाते आणि ही एका वेळी चमचाभर लागते, तो हिशेब घालून बघा.

पाकिटाची पुढची बाजू वाचू नका, मागची वाचा. 'सोडियम हायड्रॉक्साइड', 'कॉस्टिक', 'सोडियम हायपोक्लोराइट', 'सल्फ्युरिक' यातला एकही शब्द असेल तर पुढं हिरवं पान काढलेलं असो की मासा, ती जुनीच पुडी आहे. हातावर थेंब पडून हात झिजल्याचं चित्र असेल, किंवा 'ॲल्युमिनिअमच्या भांड्यात वापरू नये' असं लिहिलं असेल, तरी तेच. जिवाणूंची असेल तर जिवाणूंचं नाव किंवा संख्या आणि वापरण्याची मुदत लिहिलेली असते, कारण जिवंत माल मुदतीत संपवावा लागतो. घटकच लिहिले नसतील तर ठेवून या. 'संत्र्याच्या सालीपासून, शंभर टक्के नैसर्गिक' याला मात्र भुलू नका. सालीतलं लिमोनिन ग्रीस झकास सोडवतं, पण तेच पाण्यातल्या जिवांना फार विषारी आहे. सरकारची 'इकोमार्क' योजना १९९१ पासून आहे, खूण मातीच्या मडक्याची. मोरीच्या औषधावर मला ते मडकं आजवर दिसलेलं नाही. तुम्हाला दिसलं तर जरूर कळवा.

काही भगिनी लगेच लिहितील, घरचं बायो-एन्झाइम का नाही सांगितलं? एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. गूळ तर आपल्या घरचाच. करा, फरशी पुसायला छान आहे. पण ते मुख्यतः सौम्य व्हिनेगर होतं, चरबीच्या बोळ्यापुढं त्याचं फारसं चालत नाही. आणि नदी शुद्ध करायची म्हणून ते कॅनच्या कॅन नदीत ओतायचे बेत काही जण करतात, ते तर मुळीच नको. साली आणि गूळ म्हणजे जिवाणूंना आणखी जेवण, माशांना आणखी कमी प्राणवायू.

राहिलं तुमचं गुडगुडणं. येत्या रविवारच्या आत सोसायटीच्या मीटिंगला विषय घ्या. तळमजल्यावरच्या माणसाचं दुखणं वरच्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांना रविवारी चार वाजता चहाला बोलवा आणि सिंकशेजारी बसवा. चेंबर उघडून साफ करून घ्यायचा, उभ्या पाइपच्या तळाशी प्लंबरकडून मोठी वायर किंवा पाण्याचा जोराचा झोत मारून घ्यायचा, खर्च चौघांनी वाटून. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, वरूनच काम करायचं. आतल्या वायूनं जीव जातात आणि कायद्यानंही ते बंद आहे. प्लंबर येण्याआधीचे आठ दिवस चारही घरांत कुणी पावडर-ॲसिड टाकणार नाही, असं ठरवा आणि आल्यावर त्याला आपण होऊन सांगा. जमलं तर किचनची लाइन चेंबरला मिळण्याआधी चरबी अडवणारी छोटी टाकी, ग्रीस ट्रॅप, बसवून घ्या. ती महिन्या-दोन महिन्यांनी कुणी साफ करायची याची पाळी लावल्याशिवाय बसवू मात्र नका.

दोन पुड्या वापरू नका आणि मोरीत रिकाम्याही करू नका. कॉस्टिक हवेतला दमटपणा ओढून घट्ट होतं आणि मग कुणीतरी ते चाकूनं फोडायला जातं. दोन्ही पुड्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर 'कॉस्टिक' लिहून, घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून वेगळ्या द्या. घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा नियम २०१६ पासून आहे. कचऱ्याच्या बादलीत गुपचूप टाकू नका, ती बादली कुणीतरी हातानं वेगळी करतं.

ॲसिड कुठल्या बाटलीत आहे, हे तुम्ही लिहिलं नाही. सुट्टं आणलेलं असेल तर बहुधा कोल्ड्रिंकच्या. तसं असेल तर हे वाचून झाल्यावर आधी उठा, ती फ्रीजजवळून किंवा ओट्याखालून काढा, मार्करनं दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरात 'ॲसिड' लिहा, झाकण घट्ट करा आणि मुलाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, ब्लीचपासून लांब ठेवा. घंटागाडीला पुड्यांबरोबर द्या, पण त्याच पिशवीत नको. सासूबाईंना वाईट वाटलं, तर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सुट्ट्या ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातलेत, दुकानदाराला ओळखपत्र बघून वहीत नाव लिहून घ्यावं लागतं, असं सांगा. पुढच्या वेळी आणायला त्यांनाच पाठवा. रांगेत उभं राहून आधार कार्ड दाखवायचंय म्हटल्यावर त्या स्टीलची जाळीच घेऊन येतील.